समुद्राखालचा पर्माफ्रॉस्ट: हिमयुगांचा हिशेब स्वतः कसा मांडायचा

किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी त्या परिसरात खोल बोअर घेतले. त्यातला एक ६१७ मीटरपर्यंत गेला. वरचे ३३८ मीटर आपला ओळखीचा काळा पाषाण निघाला आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना नाइस खडक. परिसरातल्या बोअरमध्ये तापमान मोजून पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या उष्णतेचा आकडाही काढला गेला. तो आहे दर चौरस मीटरला सुमारे ४३ मिलिवॉट. सायबेरियाच्या उत्तर किनाऱ्याकडे हाच आकडा साधारण ५० ते ७० धरतात. म्हणजे खालून मिळणारी ऊब लातूर जिल्ह्यापेक्षा तिकडे जास्तच आहे. तरीही तिकडची जमीन कित्येकशे मीटर खोल गोठलेली आहे, आणि किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, समुद्राच्या तळाखालीसुद्धा गोठलेली आहे.

जमिनीवरचं गोठणं समजू शकतं. समुद्राखालचं मात्र आजच्या हवामानावरून समजत नाही, कारण तिथल्या तळाचं पाणी उणे १ ते उणे १.८ अंशांच्या आसपास असतं आणि तेवढ्या थंडीत शेकडो मीटर जाडीचा गोठलेला थर तयार होऊच शकत नाही. त्यासाठी त्या जागेला दोन प्रश्न विचारावे लागतात: तू किती वर्षं उघड्यावर होतीस, आणि पाण्याखाली जाऊन तुला किती वर्षं झाली? या दोन उत्तरांवरून आजची जाडी ढोबळमानाने कशी काढायची, ते या लेखात पायरीपायरीने दाखवतो. स्प्रेडशीट उघडता येईल असा मोबाइल किंवा कॉम्प्युटर आणि दहावीपर्यंतचं विज्ञान एवढ्यावर काम भागतं. आपल्या भागातल्या कॉलेजांत भूगोल किंवा भूशास्त्र शिकणाऱ्यांनी हे एकदा हाताने करून पाहावं असं मला मनापासून वाटतं. आर्क्टिकच्या बातम्या आपण वाचतो आणि पुढे जातो. हिशेब मांडला की त्या बातम्या वेगळ्या दिसू लागतात.

आधी घरची विहीर

जवळच्या एखाद्या जुन्या, खोल विहिरीच्या पाण्याचं तापमान साध्या थर्मामीटरने मे महिन्यात मोजा आणि पुन्हा डिसेंबरात मोजा. थर्मामीटर बादलीत खोलवर सोडून, वर ओढल्याबरोबर वाचायचा. बाहेर ४२ अंश असोत की १२, खोलवरच्या पाण्यात तेवढा फरक पडत नाही. पंधरा-वीस मीटर खाली जमीन उन्हाळा-हिवाळा विसरते आणि वर्षाच्या सरासरी तापमानाजवळ स्थिर राहते. मराठवाड्यात ते साधारण २६-२७ अंश असतं.

पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया हाच आहे. जमिनीला सरासरी कळते, आणि जितकं खोल जावं तितकी लांब काळाची सरासरी कळते. सरासरी उणे १४ असेल तर थंडी खाली उतरत जाते आणि खालून येणारी उष्णता तिला अडवेपर्यंत जमीन गोठत राहते. सायबेरियातल्या याकुत्स्क शहरात शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्याने पाण्यासाठी विहीर खणायला घेतली होती. १८३७ पर्यंत ती ११६ मीटरवर पोचली, तरी माती गोठलेलीच. पाणी काही लागलं नाही, पण गोठलेली जमीन इतकी खोल असते हे त्या विहिरीमुळे शास्त्रज्ञांना मोजता आलं.

व्याख्या एका वाक्यात: सलग दोन वर्षं शून्य अंशाखाली राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. त्यात बर्फ असलाच पाहिजे असं नाही. समुद्राखाली हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो, कारण खारट पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं. त्यामुळे शून्याखाली असूनही न गोठलेला गाळ तिथे भरपूर सापडतो.

पायरी १: जागा निवडा, आणि तिथे हिमस्तर होता का ते पाहा

समुद्राच्या खोलीचा नकाशा जेब्को या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाकडून मोफत मिळतो. सायबेरियाच्या उत्तरेचे लाप्तेव्ह समुद्र आणि पूर्व सायबेरियन समुद्र उघडून पाहा. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर गेलात तरी खोली ५० मीटरच्या आतबाहेरच. जगातली सगळ्यात रुंद समुद्रबूड जमीन (खंडाचा पाण्याखाली गेलेला उथळ काठ) ही. अशा सपाट प्रदेशात समुद्राची पातळी थोडी खाली गेली तरी प्रचंड भूभाग उघडा पडतो.

सराव म्हणून तीन ठिकाणं घ्या: आज १० मीटर पाण्याखाली असलेलं, ४० मीटरखालचं आणि १०० मीटरखालचं. अंतिम आकडे या तिघांचे एकमेकांशेजारी ठेवायचे आहेत.

आकडेमोडीआधी एक तपासणी मात्र चुकवू नका. हिमयुगात त्या जागेवर हिमस्तर होता का? नवखा माणूस समजतो की हिमयुगात जिथे जास्त बर्फ, तिथे जमीन जास्त गोठली असणार. घडलं नेमकं उलट. किलोमीटर-दोन किलोमीटर जाडीचा हिमस्तर जमिनीवर गोधडीसारखा पसरलेला असतो: वरची उणे तीस-चाळीसची हवा जमिनीपर्यंत पोचत नाही आणि खालची उष्णता अडकून राहते. बऱ्याच ठिकाणी अशा हिमस्तराचा तळ वितळण्याच्या तापमानाला आलेला असतो. बॅरेंट्स समुद्र शेवटच्या हिमयुगात असाच झाकलेला होता, शिवाय तो सरासरी दोनशे मीटरहून खोल. म्हणून तिथे समुद्राखालचा पर्माफ्रॉस्ट जवळपास नाहीच. पूर्वेकडे लाप्तेव्ह आणि पूर्व सायबेरियाच्या बाजूला हवा इतकी कोरडी होती की मोठा हिमस्तर तयार व्हायला पुरेसा बर्फच पडला नाही. उघडी, वाऱ्याने झोडपलेली, गवताळ मैदानं पसरली होती आणि त्यांवर मॅमथ, घोडे, बायसन चरत होते. जमीन उघडी राहिली म्हणूनच ती खोलवर गोठली.

कारा समुद्राचा पश्चिम भाग हिमस्तराखाली होता. पूर्वीच्या एका हिमयुगात, सुमारे १,४०,००० वर्षांपूर्वी, बर्फ आणखी पूर्वेला सरकला होता. म्हणून सुरुवातीला कारा समुद्र निवडू नका. लाप्तेव्हवर हात बसू द्या.

पायरी २: उघड्यावरची वर्षं मोजा

गेली सुमारे आठ लाख वर्षं हिमयुगं साधारण लाखभर वर्षांच्या फेऱ्यांनी येत-जात राहिली आहेत. पृथ्वीच्या कक्षेतले आणि अक्षातले बारीक बदल या फेऱ्यांचा ताल धरतात; सर्बियन गणिती मिलुतिन मिलांकोविच यांनी तो हिशेब मांडला. प्रत्येक फेरीत पाणी समुद्रातून उचललं जातं, जमिनीवर बर्फ होऊन साठतं आणि समुद्राची पातळी उतरते.

शेवटच्या फेरीचे ढोबळ टप्पे असे. सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वी पातळी आजच्यापेक्षा ६ ते ९ मीटर वर होती. मग ती पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेली. साधारण ७०,००० वर्षांपूर्वीनंतर बहुतेक काळ ती ५० ते ८० मीटर खाली राहिली. २१,००० वर्षांपूर्वीच्या सुमारास ती १२० ते १३० मीटर खाली पोचली. त्यानंतर उलट प्रवास सुरू झाला. १४,५०० वर्षांपूर्वीच्या आसपास बर्फ एकदम वितळून पाचेकशे वर्षांच्या आत समुद्र पंधरा-वीस मीटर चढला. ११,५०० वर्षांपूर्वी पातळी उणे ६०, १०,००० वर्षांपूर्वी उणे ४० च्या आसपास, आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी ती आजच्या जवळ येऊन स्थिरावली.

आपल्या तीन जागांना हे लावा. १०० मीटरची जागा फक्त हिमयुगाच्या टोकाला उघडी पडली, सुमारे १५,००० वर्षं. पाण्याखाली जाऊन तिला १४,५०० वर्षं झाली. ४० मीटरची जागा सुमारे ६०,००० वर्षं उघडी होती आणि १०,००० वर्षांपूर्वी बुडाली. १० मीटरची जागा मधल्या चढउतारांकडे दुर्लक्ष केलं तर जवळपास लाखभर वर्षं उघडी होती आणि बुडून तिला ८,००० वर्षं झाली. इथे हजार-दोन हजार वर्षांचा फरक पडला तर घाबरायचं कारण नाही. निकाल किती बदलतो ते शेवटी तुम्हीच तपासणार आहात.

पायरी ३: जास्तीत जास्त किती गोठू शकतं

उघड्या मैदानाचं सरासरी तापमान उणे १४ धरा. गोठलेल्या गाळाची उष्णतावाहकता २.५ वॅट प्रति मीटर प्रति अंश धरा आणि खालून येणारी उष्णता ६० मिलिवॉट, म्हणजे ०.०६ वॅट. वाहकता गुणिले तापमानातला फरक, भागिले खालची उष्णता: २.५ × १४ = ३५, आणि ३५ ÷ ०.०६ = ५८३ मीटर. अनंत काळ मिळाला तरी या जागेत गोठण याहून खाली जाणार नाही.

हाच हिशेब किल्लारीला लावून पाहा. काळ्या पाषाणाची वाहकता १.७, खालची उष्णता ०.०४३ आणि वर उणे १४ टाका. उत्तर साडेपाचशे मीटरच्या पुढे जातं. आपल्या पायाखालची जमीन सायबेरियाच्या जमिनीहून मुळात उबदार नाही, फरक सगळा वरच्या आकड्यात आहे. विद्यार्थ्यांना हे फळ्यावर करून दाखवलं की वर्ग हमखास गप्प होतो.

पायरी ४: गोठायला किती वेळ लागतो

हे या मार्गदर्शकाचं मुख्य काम, म्हणून इथे सावकाश चला.

पाणी गोठताना आपली अप्रकट उष्णता बाहेर टाकतं, आणि ती वर वाहून गेल्याशिवाय पुढचा थर गोठत नाही. गाळात ४० टक्के पाणी धरलं तर एक घनमीटर गाळ गोठवायला सुमारे १३.४ कोटी ज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. शंभर वर्षांचे सेकंद (सुमारे ३१६ कोटी) भागिले ही उष्णता केलं की २३.६ हा आकडा मिळतो. दर चौरस मीटरमधून एक वॅट उष्णता शंभर वर्षं सतत बाहेर जात राहिली तर २३.६ मीटर गाळ गोठेल, असा त्याचा अर्थ.

आता शीट उघडा. पहिल्या स्तंभात वर्ष, दुसऱ्यात जाडी. दर ओळीला शंभर वर्षं पुढे जायचं, आणि सूत्र असं:

नवी जाडी = जुनी जाडी + २३.६ × (३५ ÷ जुनी जाडी − ०.०६)

कंसातला पहिला भाग वर निसटणारी उष्णता, दुसरा खालून येणारी. थर पातळ असताना उष्णता भराभर निसटते, जाड झाला की तोच थर तिच्या वाटेत येतो.

सुरुवात १ मीटरपासून करू नका. शंभर वर्षांच्या उडीत सूत्र एकदम आठशे मीटरवर फेकतं आणि मग सगळे आकडे उधळतात. पहिले १०० मीटर गोठायला सुमारे ७०० वर्षं लागतात, ते वेगळ्या सूत्राने आधीच काढता येतं. म्हणून पहिल्या ओळीत वर्ष ७०० आणि जाडी १०० लिहा. दुसऱ्या ओळीत, ८०० व्या वर्षी, १०६.८ आलं पाहिजे. तिसऱ्यात ११३.२. हे दोन आकडे जुळले की सूत्र बरोबर उतरलं असं समजा आणि ते खाली हजारेक ओळींपर्यंत ओढा.

स्तंभ वरून खाली वाचत जा. २०० मीटर व्हायला तीनेक हजार वर्षं. ३०० ला साडेआठ हजार. ४०० ला एकोणीस-वीस हजार. ५०० ला पंचेचाळीस हजार. शेवटचे शंभर मीटर पहिल्या शंभरापेक्षा पस्तीस-चाळीस पट वेळ खातात. आपल्या जागांचं उत्तर असं येतं: १०० मीटर खोलीवर सुमारे ३७०, ४० मीटर खोलीवर सुमारे ५३०, आणि १० मीटर खोलीवर सुमारे ५६० मीटर जाडी.

पायरी ५: समुद्र आत आला

समुद्र वर आला आणि उणे १४ च्या जागी अचानक उणे १.५ आलं. पुढच्या शतकात कुठल्याही खंडाच्या जमिनीवर येऊ शकेल त्यापेक्षा ही तापमानवाढ कितीतरी मोठी आहे, आणि ती या तळाने हजारो वर्षांपूर्वीच सोसली आहे.

तरी थर लगेच वितळत नाही. आधी आतली साठवलेली थंडी संपावी लागते. पाचशे मीटरच्या थराला वरून खालपर्यंत ऊब पोचायला दोन-तीन हजार वर्षं लागतात. आपण २,५०० धरू आणि तेवढा काळ जाडी तशीच ठेवू. त्यानंतर वरचंच सूत्र वापरा, फक्त ३५ च्या जागी ३.७५ लिहा, कारण आता २.५ × १.५ एवढीच ओढ उरली आहे. कंसाची बेरीज आता उणे येते आणि थर खालून झिजू लागतो: वर्षाला सुमारे सव्वा सेंटिमीटर, शतकाला सव्वा मीटर.

१०० मीटरच्या जागेला १२० ओळी चालवा (१४,५०० वर्षांतून थांब्याची २,५०० वजा, दर ओळीला शंभर वर्षं): ३७० चे सुमारे २३५ उरतात. ४० मीटरच्या जागेला ७५ ओळी: ५३० चे सुमारे ४३५. १० मीटरच्या जागेला ५५ ओळी: ५६० चे ४९० ते ५००. म्हणजे किनाऱ्यापासून आत जाऊ तसा थर पातळ होत जातो. बाहेरच्या कडेचा भाग कमी काळ गोठला आणि जास्त काळ भिजला, असा दोन्हीकडून मार त्याला बसतो.

वरचा भाग: मीठ

स्प्रेडशीटने खालची बाजू सांभाळली. वरच्या बाजूला मीठ काम करतं. तळाचं पाणी शून्याखाली असूनही बर्फ वितळतो, कारण खारं पाणी गाळात झिरपतं आणि तिथल्या बर्फाचा वितळणबिंदूच खाली आणतं. लाप्तेव्ह समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावर, मामोन्तोव्ह क्लिक या भूशिराजवळ, २००५ मध्ये रशियन-जर्मन चमूने समुद्रावरच्या गोठलेल्या बर्फावर यंत्र उभं करून तळात बोअर घेतले. किनाऱ्यापासून साडेअकरा किलोमीटरवर, अवघ्या सहा मीटर पाण्याखाली, तळापासून सुमारे ३५ मीटरपर्यंतचा गाळ सुटा होता. त्याखाली कडक गोठलेली माती लागली. वरच्या ३५ मीटरचं तापमानही शून्याखालीच. हात लावला तर चिखल, मोजलं तर पर्माफ्रॉस्ट.

म्हणून आपल्या उत्तरातून वरचे २० ते ५० मीटर वेगळे काढा आणि त्यांना ‘थंड पण सुटा’ असं नाव द्या. दोन मीटरपेक्षा उथळ किनारपट्टीत मात्र हे करू नका. तिथे हिवाळ्यात समुद्राचा बर्फ थेट तळाला टेकतो आणि थंडी पुन्हा आत उतरते. लेना नदीच्या मुखाशीही जपून राहा, तिचं उन्हाळी पाणी तळ चांगलाच तापवतं.

मागच्या फेरीचं काही उरलं का?

हा भाग मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो. आपण जाडी शून्यापासून सुरू केली. पण १,२५,००० वर्षांपूर्वीच्या उबदार काळात मागच्या हिमयुगाचा थर पूर्ण वितळला होता का? १० मीटरची जागा तेव्हा फार तर पंधरा हजार वर्षं पाण्याखाली होती. सूत्र चालवा: ५६० चे ४०० च्या वर उरतात. म्हणजे नवं हिमयुग आलं तेव्हा खाली जुनी गोठलेली जमीन होतीच. ४०० पासून सुरुवात करून लाख वर्षं चालवलं तरी शेवटचं उत्तर जेमतेम दहा मीटरने वाढतं, कारण ५८३ ची मर्यादा जवळच आहे. म्हणून किनाऱ्याजवळच्या थरात दोन हिमयुगांचा वाटा असूनही जाडीवरून तो ओळखू येत नाही. १०० मीटरच्या जागेत गोष्ट उलटी. ती दोन हिमयुगांच्या मधे लाखाच्या आसपास वर्षं बुडालेली होती, जुनं काही शिल्लक राहण्याचा प्रश्नच नाही.

संशोधक याचसाठी एका फेरीवर थांबत नाहीत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संपूर्ण आर्क्टिकच्या नकाशासाठी ओव्हरडुइन आणि सहकाऱ्यांनी ४,५०,००० वर्षांचा इतिहास चालवला. त्यांच्या हिशेबाने समुद्राखालचा पर्माफ्रॉस्ट सुमारे २५ लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या आठपट, आणि त्यातला बहुतेक सगळा आज पातळ होत चालला आहे.

आकडे हलवून पाहा

४० मीटरची जागा पुन्हा घ्या आणि खालची उष्णता ०.०६ ऐवजी ०.१ करा. लेना नदीच्या मुखाकडे भूकवच ताणलं गेलेल्या पट्ट्यात इतकी उष्णता असू शकते. कमाल जाडी ५८३ वरून ३५० वर येते, झीज वर्षाला दोन सेंटिमीटरपर्यंत जाते आणि आजचं उत्तर ४३५ वरून दोनशेच्याही खाली उतरतं. मग वरचं तापमान उणे १४ ऐवजी उणे १२ करा, गाळातलं पाणी ४० ऐवजी ३० टक्के करा (२३.६ चे ३१.५ होतील). प्रत्येक वेळी एकच आकडा बदला आणि नोंद ठेवा. उघड्या पडण्याच्या तारखेत पाच हजार वर्षांची चूक झाली तरी ४० मीटरच्या जागेला फारसा फरक पडत नाही. खालच्या उष्णतेतली चूक मात्र निकाल उलटवते. शोधायला वेळ घालवायचा असेल तर तो या आकड्यावर घाला.

बातम्यांना हा हिशेब लावा

कॅनडाच्या ब्यूफोर्ट समुद्रात २०१० ते २०१९ दरम्यान तळाचे नकाशे पुन्हापुन्हा काढले गेले, तेव्हा समुद्रबूड जमिनीच्या कडेला नवे खड्डे पडलेले दिसले. सगळ्यात मोठा २२५ मीटर लांब, ९५ मीटर रुंद आणि २८ मीटर खोल. बातम्यांनी तो सरळ आजच्या तापमानवाढीच्या खात्यावर टाकला. अभ्यासकांचं म्हणणं वेगळं होतं: जुन्या पर्माफ्रॉस्टच्या कडेने वर येणारं भूजल बर्फ वितळवतं आणि वरची माती खचते, ही प्रक्रिया हिमयुग संपलं तेव्हापासून चालू आहे. आपली १०० मीटरची जागा आठवा, तिथेही साडेचौदा हजार वर्षांपूर्वी सुरू झालेली झीज अजून चालूच आहे.

मिथेनच्या बातम्यांनाही हीच चाळणी लावा. समुद्राखालच्या या थरांत आणि त्यांच्या खाली मिळून सेंद्रिय कार्बन सुमारे ५६० अब्ज टन आणि मिथेनमधला कार्बन सुमारे ४५ अब्ज टन असावा, असा तज्ज्ञांच्या एका गटाचा २०२० मधला अंदाज आहे. साठा मोठाच आहे. पण तळावर आज वाढलेली ऊब शेकडो मीटर खालच्या थरापर्यंत पोचायला शतकं-सहस्रकं लागतात, हे तुमच्या शीटमधल्या २,५०० वर्षांच्या थांब्यानेच सांगितलं आहे. वरचा थर, उथळ किनारे, कोसळणाऱ्या बर्फाळ दरडी यांच्यावर मात्र आजच्या उबेचा परिणाम आजच होतो. बातमी यातल्या कुठल्या थराबद्दल आहे, हे आधी शोधा.

शीट तयार झाल्यावर २०१९ च्या नकाशाची मूळ आकडेवारी पँजिया या मोफत संग्रहातून उतरवून घ्या, क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि आपल्या तीन जागांचे आकडे शेजारी लिहा. जिथे शंभर मीटरपेक्षा जास्त फरक दिसेल, तिथे आधी खालची उष्णता, मग हिमस्तर, आणि शेवटी नदीचं मुख, या क्रमाने शोध घ्या.